मासेमारीची कयाक कोकणच्या पुळणीवरून पाण्यात उतरवताना

कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी अरुंद होडी, घरी आली की पहिला प्रश्न असतो, उतरवायची कुठून? सकाळी सहा वाजता, तेही डिसेंबरात, कोकणातली जवळपास कुठलीही पुळण चालेल असं वाटतं. पाणी तेलासारखं सपाट असतं आणि लाट घोट्याइतकीही नसते. पण तुम्ही परत येणार साडेनऊ-दहाला. तोवर वारा फिरलेला असतो, पाणी उतरलेलं असतं, हात दमलेले असतात आणि नशिबात असेल तर कयाकमध्ये चार-पाच किलो मासळीची भर पडलेली असते. म्हणून जागा निवडायची ती परत येण्याच्या वेळेकडे बघून. या लेखातलं बाकी सगळं त्याच एका गोष्टीभोवती फिरतं.

इथे गृहीत धरलेली कयाक म्हणजे वरून बसायची, दहा ते बारा फुटांची, प्लास्टिकची, वल्ह्याने किंवा पायडलने चालणारी. रिकामी असताना तिचं वजन साधारण 25 ते 40 किलो भरतं. हवा भरायची कयाक खाडीत ठीक आहे. गळ, चाकू आणि शिंपल्यांनी भरलेली खडपं यांच्यात ती घेऊन समुद्रात जाऊ नये, असं माझं मत आहे.

महिने कोणते

ऑक्टोबर अर्धा सरल्यावर सुरुवात करावी आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत आवरतं घ्यावं. नवख्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढेच महिने धरावेत. पश्चिम किनाऱ्यावर केंद्राची मासेमारी बंदी 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची असते. ती यांत्रिक होड्यांसाठी आहे, बिनइंजिनाच्या होडीला लागू नाही, अशी पळवाट काही जण काढतात. त्या दिवसांत समुद्राकडे एकदा बघितलं तर हा वाद घालायची गरज उरत नाही. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण झाला की मोठ्या होड्या बाहेर पडतात. त्या ट्रॉलर आहेत, तुमची कयाक नव्हे. किनाऱ्याजवळची फुटणारी लाट त्यानंतरही कित्येक आठवडे मोठी असते. मे महिन्यात दुपारचा वारा जोरदार असतो आणि वादळांचा काळही तोच. तौक्ते मे 2021 मध्ये याच किनाऱ्याजवळून वर गेलं. निसर्ग 3 जून 2020 रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं.

वारा: सकाळचा शांतपणा फसवा का असतो

शाळेच्या भूगोलात पाठ केलेले मतलई आणि खारे वारे इथे उपयोगी पडतात. हिवाळ्यात रात्री जमीन गार होते आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. किनाऱ्यावरची सुरूची आणि माडांची रांग त्याला अडवते, त्यामुळे पुळणीवर उभं राहिल्यावर तो जाणवत नाही. अर्धा-एक किलोमीटर आत गेलात की तोच वारा पाठीवर येतो. पाठीवरचा वारा त्रास देत नाही, उलट कयाक झकास पळतेय असं वाटतं. गळ टाकून बसलात की तुम्ही सावकाश बाहेर सरकत राहता, आणि लाट नसल्यामुळे ते कळतही नाही.

नऊ-दहाच्या सुमाराला हा वारा पडतो. थोडा वेळ सगळं थांबल्यासारखं होतं आणि मग वायव्येकडून खारा वारा सुरू होतो. दुपारी बारानंतर पाण्यावर पांढरे तुरे दिसू लागले की समजायचं, वारा दहा-बारा नॉटच्या (ताशी सुमारे अठरा ते बावीस किलोमीटर) वर गेला. भरलेली कयाक आरामात वल्हवताना ताशी चार ते पाच किलोमीटर जाते. आडव्या वाऱ्यात आणि चोप्या पाण्यात, म्हणजे वाऱ्याने उठलेल्या आखूड लाटांत, त्याच्या निम्म्यावर येते.

यावर उपाय साधा आहे. किनाऱ्यापासून दोनशे मीटरवर गेलात की वल्हं मांडीवर ठेवून पाच मिनिटं नुसतं बसा. त्याआधी किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरा, एक पाण्याजवळची आणि एक तिच्या बरीच मागची. समजा एखादा खांब आणि त्यामागे देवळाचा कळस. पाच मिनिटांनी त्या एकमेकींपासून किती सरकल्या ते बघा. त्यावरून आडवी ओढ कळते. बाहेर किती गेलात हे फोनमधल्या नकाशावर दिसतं. मग तोंड किनाऱ्याकडे वळवून पन्नास मीटर वल्हवून पाहा. हे जड गेलं तर तिथूनच परत फिरा. पुढे ते सोपं होणार नाही. आपले होडीवालेही जाळं टाकलेली जागा पुन्हा सापडावी म्हणून किनाऱ्यावरच्या अशाच खुणा जुळवतात.

आदल्या रात्री अंदाज बघायचा तो दोन ठिकाणी. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा, आणि हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा समुद्रस्थितीचा अंदाज. मोबाइलवरची वाऱ्याची अ‍ॅप्सही चालतात, पण त्यांत नुसती लाटेची उंची बघून थांबू नका. दोन लाटांमधलं अंतर किती सेकंदांचं आहे तेही वाचा. पाच सेकंदांची पाऊण मीटर लाट म्हणजे त्रासदायक चोप. बारा-चौदा सेकंदांची पाऊण मीटर लाट दुरून आलेली असते, खोल पाण्यात ती जाणवतही नाही, आणि पुळणीवर येऊन ती छातीएवढी फुटू शकते. नवख्याने वारा आठ नॉटच्या आत आणि फुटणारी लाट गुडघ्याच्या खाली असेल तरच निघावं.

भरती-ओहोटी: कालनिर्णय पुरतं

भरतीच्या वेळा छापील तक्त्यात आणि अ‍ॅपमध्ये मिळतात, पण किनाऱ्यावरचा जुना हिशेब माहीत असलेला बरा. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. पूर्ण भरती साधारण तितक्या वाजता. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. अमावास्येनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. पुढची भरती सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांनी, ओहोटी मधोमध. हिशेब मुंबईच्या आसपासचा आहे. दक्षिणेला, रत्नागिरी-मालवणकडे, भरती मुंबईच्या आधी येते.

आता हाच हिशेब कयाकसाठी लावून बघा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. मुंबईत हा फरक चार मीटरच्या पुढे जातो, मालवणात दोन मीटरच्या आसपास असतो. त्या दिवसांत सूर्योदयाच्या सुमाराला नेमकी ओहोटी असते. अलिबागसारख्या सपाट किनाऱ्यावर तेव्हा पाणी इतकं मागे जातं की लोक कुलाबा किल्ल्यात चालत जातात. तेवढं अंतर चिखल-वाळूतून कयाक ओढायची म्हणजे मासेमारीआधीच घाम निघतो. शिवाय पाण्याला ओढही जबर.

याउलट अष्टमी ते एकादशी हे भांगाचे दिवस. पाण्याची चढउतार कमी, ओढ कमी, आणि भरती सकाळी सहा ते आठच्या दरम्यान. म्हणजे उजाडता उजाडता भरल्या पाण्यात कयाक उतरवायची, नऊ-साडेनऊला निम्मी ओहोटी असताना परत यायचं. चालणं कमी, लाट फुटण्याची जागाही बरी. पहिले काही महिने फक्त भांगाच्या दिवसांतच जा, असा माझा आग्रह आहे. उधाणाला मासा जास्त चावतो असं सांगणारे भेटतील. ते खोटं नाही, पण तो मासा नंतरच्या हंगामासाठी ठेवा.

ओहोटी सुरू झाल्यावर पाणी एकसारख्या वेगाने उतरत नाही. पहिल्या तासात हळू, तिसऱ्या-चौथ्या तासात सगळ्यात जोरात, शेवटी पुन्हा हळू. खाडीच्या तोंडाशी असाल तर हे तिसरे-चौथे तास टाळायचेच.

जागा

कोकण किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि हिवाळ्यातला दुपारचा वारा वायव्येचा. म्हणून ज्या पुळणीच्या उत्तर टोकाला समुद्रात घुसलेला डोंगर किंवा टेकाड आहे, तिथे त्या टोकाजवळ आडोसा मिळतो. नकाशावर पुळण बघताना आधी उत्तरेचं टोक बघा. त्या कोपऱ्यात पाणी दहा वाजताही बरं असतं. मधोमध, उघड्या भागात तेव्हा लाट उभी राहिलेली असते.

या कसोटीला उतरणारी एक जागा म्हणजे दापोली तालुक्यातली मुरुडची पुळण. तिच्या उत्तरेला हर्णैचं टेकाड आणि समोर सुवर्णदुर्ग. पुळण सपाट, लाट लांबून हळूहळू फुटत येणारी. दक्षिणेला कर्दे तितकीच सपाट, पण आडोसा कमी. खुद्द हर्णै बंदरात मात्र उतरवायला जाऊ नका. तिथे किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालतो, होड्यांची आणि बैलगाड्यांची ये-जा असते, आणि तुमच्या कयाकमुळे कुणाचं तरी काम अडतं. उतरवा मुरुडला, लिलाव बघायला हर्णैला जा.

रत्नागिरीची भाट्ये पुळण शहराला लागून आहे. वायव्येला रत्नदुर्गाचं भूशिर आडवं येतं, त्यामुळे वारा अडतो. पण उत्तर टोकाला काजळी नदीचं मुख आहे आणि मिरकरवाडा बंदराच्या होड्याही जवळच. त्यामुळे इथे अगदी उत्तरेला न जाता जरा दक्षिणेला सरकून उतरवावं. म्हणजे आडोसा थोडा कमी मिळतो, पण खाडीची ओढ टळते.

मालवणची चिवला पुळण नवख्यासाठी मला सगळ्यात आवडते. समोर खडकांच्या ओळी आहेत, त्या लाट बाहेरच मोडतात. दरवर्षी सागरी जलतरण स्पर्धा इथे होतात ते उगाच नाही. कयाक उलटवून पुन्हा चढण्याचा सराव करायला ही जागा उत्तम. दोन गोष्टी मात्र सांभाळा. इथे रापण ओढली जाते, तिच्याबद्दल पुढे लिहिलं आहे. दुसरं, सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या भोवतालचा समुद्र 1987 मध्ये जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात येतो. त्याचं क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर, आणि गाभा किल्ल्याच्या भोवतीचा. तिथे गळ टाकायचा नाही. कुठवर चालतं ते वन खात्याच्या कांदळवन कक्षाला आधी विचारून घ्या.

रायगडात मुरुड-जंजिऱ्याची गावातली पुळण आणि श्रीवर्धन या दोन्ही बऱ्या, सपाट. दिवेआगर लांबलचक आणि उघडी. शांत सकाळी छान, वारा वाढला की लपायला जागा नाही. नागाव आणि अलिबागला शनिवार-रविवारी जेट स्की आणि केळ्याच्या आकाराच्या फुग्यांच्या सफरी चालतात. त्या गर्दीत नवख्याची कयाक नको, आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. गुहागरची पुळण देखणी आहे, सुरूच्या रांगेसकट, पण सरळसोट आणि उघडी. अंदाज अगदी पडलेला असेल तेव्हाच.

आता जिथे उतरवूच नये त्या जागा. गणपतीपुळे: तळ झपाट्याने खोल होतो, लाट पायाशीच कोसळते आणि मागे खेचते. भाविक तिथे बुडाल्याच्या बातम्या दर काही महिन्यांनी येतात. आरे-वारे आणि काशीद यांची ख्यातीही तशीच. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणामार्गाचे कातळ बघायला जा, तिथून पाण्यात उतरू नका. मांडवा जेट्टी, राजपुरी, दिघी, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ इथे फेरीबोटी चालतात. त्यांच्या मार्गात गळ टाकून बसणं म्हणजे रस्त्यात खुर्ची टाकून बसणं. तारापूरचा अणुऊर्जा प्रकल्प, मुंबई बंदर, न्हावा-शेव्याचं जवाहरलाल नेहरू बंदर, जयगडचं बंदर, अंजनवेलची गॅस जेट्टी यांच्या आसपास फिरकू नका. तिथे तुम्हाला प्रश्न विचारायला येणाऱ्या बोटीवर हत्यारबंद लोक असतात.

नकाशावर पसंत पडलेल्या जागी पहिल्या दिवशी कयाक न नेता जा. ओहोटीला जा, म्हणजे भरतीत झाकले जाणारे कातळ दिसतील. त्यांचा फोटो काढून ठेवा. पाण्याकडे अर्धा तास बघा. ज्या पट्ट्यात लाट फुटत नाही, पाणी जरा गडद किंवा गढूळ आहे आणि फेस समुद्राकडे जातोय, तिथून पाणी बाहेर खेचलं जातंय. पोहणाऱ्याला हा पट्टा घातक. सरावलेले कयाकवाले बाहेर पडायला मुद्दाम तोच वापरतात. नवख्याने तो ओळखायला शिकावं आणि बाजूने जावं.

विचारायचं कुणाला

2008 साली मुंबईवरचा हल्ला समुद्रमार्गे झाला आणि किनाऱ्यावरच्या प्रत्येक अनोळखी होडीकडे बघण्याची नजर बदलली. ती बदलायलाच हवी होती. म्हणून नव्या ठिकाणी जाण्याआधी जवळच्या सागरी पोलीस ठाण्यात जाऊन नाव, फोन, कयाकचा रंग, कुठून कुठवर जाणार आणि किती वाजता परत येणार ते सांगा. आधार कार्डाची प्रत प्लास्टिकमध्ये घालून अंगावर ठेवा. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयातही एकदा जाऊन या. महाराष्ट्रात समुद्रातली मासेमारी 1981 च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली येते. 2023 मध्ये राज्याने 54 जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. सुरमई, बांगडा, पापलेट, घोळ यांच्या आकाराचा तक्ता मागून घ्या आणि पिल्लं पाण्यात सोडा.

कागदापेक्षा महत्त्वाचा माणूस म्हणजे पुळणीवर जाळं नीट करत बसलेला एखादा मामा किंवा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख. आधी रामराम, मग आपण कुठून आलो ते, मग प्रश्न. "मामा, आज पाणी कसं आहे? इथून उतरलो तर तुमचं जाळं कुठे आडवं येईल?" दुसरा प्रश्न जास्त कामाचा. तो विचारला की समोरच्याला कळतं की हा नुसता मजा मारायला आलेला नाही. मालवणात उत्तर आलं, "आज जाव नको, भायर वारो आसा," तर कयाक गाडीवरच राहू द्या. अ‍ॅप काहीही म्हणो.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. सिंधुदुर्गात आणि गोव्यात ती अजून चालते. होडीने अर्धगोल टाकलेलं जाळं दोन्ही टोकांनी तीस-चाळीस माणसं ओढतात. त्या अर्धगोलात कयाक घालायची नाही, दोरावरून ओढायची नाही, मासळी उडवायची नाही. रापण आत येईपर्यंत थांबा. जमलं तर दोराला हात लावा, तेवढ्याने ओळख होते. पालघर, मुंबई, रायगडच्या बाजूला समुद्रात खांब रोवून डोल, म्हणजे पिशवीसारखं जाळं, बांधलेली असते. त्या खांबांना कयाक बांधून गळ टाकायचा मोह होतो, कारण मासा तिथे असतोच. टाळा. पाण्याची ओढ तिथे सगळ्यात जास्त, कयाक आडवी होऊन खांबावर दाबली गेली की सोडवता येत नाही, आणि डोल कुणाच्या तरी मालकीची आहे. तरंगत्या बोयऱ्यांपासूनही पन्नास मीटर लांब राहा.

गाडीपासून पाण्यापर्यंत

गाडी वाळूवर न्यायची नाही. ती रुतते, भरती चढते, आणि पोलीस गुन्हाही दाखल करतात. शिवाय नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडली कासवं रात्री अंडी घालायला येतात. वेळास, आंजर्ले, गुहागर ही नावं माहीत असतील, पण घरटी इतर पुळणींवरही असतात. काठ्या-जाळीने कुंपण केलेली जागा दिसली की लांबून वळसा घ्या आणि कयाक भरतीरेषेच्या वरच्या मऊ वाळूतून ओढण्याऐवजी दोघांनी उचला किंवा रुंद फुगीर चाकांच्या ट्रॉलीवर न्या. बारीक चाकांची ट्रॉली इथे निरुपयोगी, ती वाळूत नांगरासारखी रुतते. ट्रॉली किनाऱ्यावर कुठे ठेवणार तेही ठरवा. शहाळीवाल्याला सांगून ठेवली की सहसा कुणी हात लावत नाही.

पाण्यात उतरण्याआधी एकच तपासणी चुकवायची नाही, ती म्हणजे पाणी काढायच्या भोकाचं बूच. मागच्या वेळी पाणी काढून ते उघडं राहिलेलं असतं, आणि कयाक आतून भरतेय हे लक्षात येईपर्यंत तुम्ही बरेच बाहेर असता. मग झाकणं घट्ट आहेत ना बघा.

अंगावर लाइफ जॅकेट, बसून घालायचं नाही, किनाऱ्यावरच आवळायचं. त्याला शिट्टी आणि जलरोधक पिशवीतला फोन बांधलेला. फोन कयाकच्या खणात असेल आणि तुम्ही पाण्यात, तर त्याचा उपयोग शून्य. वल्ह्याला दोरी. दोन लिटर पाणी, टोपी, लांब बाह्यांचा शर्ट. कयाकवर उंच काठीला भगवा किंवा भडक रंगाचा झेंडा, कारण ट्रॉलरच्या तांडेलाला पाण्यालगतची कयाक दिसत नाही. छोटा घडीचा नांगर, पण त्याचा दोर सहज कापता यावा म्हणून चाकू जॅकेटलाच. फोनमध्ये तीन नंबर आधीच साठवलेले: तटरक्षक दल 1554, सागरी पोलीस 1093, आणि 112. घरच्यांना किंवा मित्राला परत यायची वेळ सांगा, आणि त्यानंतर एक तास वाट बघून कुणाला फोन करायचा तेही.

लाट ओलांडताना

लाटांच्या पट्ट्यात कयाकवर उभं काही ठेवायचं नाही. गळाच्या काठ्या आडव्या, शक्य असेल तर आत, दोर गुंडाळलेले, गरी काढून डब्यात. उघडी तिकडी गरी लटकवून लाटेत शिरणारा माणूस उलटला तर ती वाळूत नव्हे, त्याच्याच मांडीत रुतते. जे हरवलेलं परवडणार नाही ते बांधा किंवा घरी ठेवा.

कयाकचं नाक समुद्राकडे सरळ धरून गुडघाभर पाण्यात उभे राहा. तुम्ही तिच्या बाजूला, हँडल धरून. लाटा घोळक्याने येतात: काही मोठ्या, मग थोडा वेळ लहान. दोन-तीन घोळके जाऊ द्या, तो ताल लक्षात येईपर्यंत. शेवटची मोठी लाट गेली की कयाक पुढे ढकला, बूड सीटवर टेका, पाय आत घ्या आणि लगेच वल्हं मारा. आधी पाय ठीक करू, मग टोपी, मग वल्हं, असं करत बसलात की कयाक आडवी होते. पहिले वीस-तीस फटके थांबायचं नाही. समोर लाट उभी राहिली तर थोडं पुढे वाका आणि तिच्या पोटात वल्हं घाला. मागे रेलून वल्हं छातीशी धरलं की लाट तुम्हाला उलटवते.

लाटांच्या पलीकडे गेल्यावर मग सावकाश काठ्या उभ्या करा. आणि दोनशे मीटरवरची ती पाच मिनिटांची बैठक विसरू नका.

उलटलात तर

याचा सराव आधी चिवल्यासारख्या शांत ठिकाणी, छातीएवढ्या पाण्यात, मग पाय न टेकणाऱ्या पाण्यात करा. बरोबर कुणीतरी हवंच. उलटी कयाक सरळ करायला तिच्या बाजूला या, पलीकडची कड किंवा पट्टा पकडून स्वतःकडे ओढा. मग दोन्ही हात कयाकवर, पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागावर आणून जोरात मारा आणि पोटावर कयाकवर सरका. पोट बैठकीवर आलं की वळून बसा, शेवटी पाय आत. घाईत गुडघा आधी वर टाकला की ती पुन्हा तुमच्याच अंगावर उलटते. पाय न टेकणाऱ्या पाण्यात, लाइफ जॅकेट घालून, हे एकट्याने जमत नाही तोवर मासेमारीला जायचं नाही. ही अट मी कुणासाठीही सैल करत नाही. कयाक सोडून पोहत किनाऱ्याकडे निघायचं नाही, कितीही जवळ वाटला तरी. शोधायला येणाऱ्याला कयाक दिसते, डोकं दिसत नाही.

परत येणं

बहुतेक अपघात इथे होतात. कारण मन आधीच किनाऱ्यावर पोचलेलं असतं.

लाटांच्या पट्ट्याबाहेर थांबा. काठ्या पुन्हा आडव्या, गरी डब्यात, मासळीची पिशवी घट्ट. पोहणारे कुठे आहेत बघा, त्यांच्या रेषेत यायचं नाही. पुन्हा घोळके मोजा. मोठ्या लाटा पुढे जाऊ द्या आणि शेवटच्या लाटेच्या पाठीवर, तिच्या मागोमाग वल्हवत या. तिच्या पुढे नाही. लाटेच्या पुढे सापडलात की ती मागून उचलते, नाक वाळूत घुसतं आणि कयाक आडवी फिरते. मागून लाट गाठतेय असं वाटलं तर उलटं वल्हं मारून तिला खालून जाऊ द्या.

आडवी झालीच तर फुटणाऱ्या लाटेच्या बाजूला झुका आणि वल्हं त्या फेसावर टेका. किनाऱ्याकडे झुकणं ही शरीराची पहिली सवय असते, आणि तीच पाडते. गुडघाभर पाण्यात उतरायचं ते कायम समुद्राच्या बाजूला. तुमच्यात आणि पुळणीत कयाक असावी. कयाक आणि पुळण यांच्यामध्ये तुम्ही नसावं. पाणी भरलेली कयाक शंभर किलोंच्या वर जाते, आणि लाटेने ती पायावर आणली की हाड मोडतं.

नऊ-दहाला बघता लाट वाढलेली असली तर हट्टाने त्याच जागी उतरू नका. उत्तरेच्या आडोशाला जा, तिथून कयाक ट्रॉलीवर घालून चालत या. अर्धा किलोमीटर चालणं परवडतं.

खाडी

सुरुवात खाडीतून करावी का? सराव म्हणून अवश्य. विजयदुर्गची वाघोटन खाडी, देवबागच्या आतली कर्ली नदी, फेरीबोटींचा मार्ग सोडून राजपुरीची खाडी, इथे लाट नाही, आणि तांबोशी, जिताडा, काळुंदर मिळतात. धोका मुखाशी असतो. ओहोटीचं पाणी बाहेर धावतं आणि समोरून दुपारचा वारा आणि लाट येते. दोघांची गाठ पडली की अरुंद, उभ्या, एकमेकींना चिकटलेल्या लाटा उठतात. देवबागला संगमाजवळ हे किनाऱ्यावरूनही दिसतं. त्या पाण्यात नवखी कयाक टिकत नाही. खाडीत भरतीबरोबर आत जायचं आणि ओहोटीबरोबर परत यायचं, म्हणजे पाणी दोन्ही वेळा मदतीला असतं, पण उतरायची जागा मुखापासून बरीच आत ठेवायची, म्हणजे ओहोटीने ओढलं तरी मधे थांबायला किनारा मिळतो.

मासा वर आल्यावर, आणि घरी

शिंगाळ्याच्या पाठीवरच्या आणि बाजूच्या काट्यांत विष असतं, पाकटाच्या शेपटीतही. हे दोन्ही कयाकवर घेऊच नका, बाजूलाच पक्कडीने गरी काढून सोडा किंवा दोर कापा. काटा लागला तर किनाऱ्यावर येऊन सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा-एक तास बुडवा, वेदना उतरते, आणि डॉक्टरकडे जा. पाकटाच्या काट्याचा तुकडा आत राहू शकतो. कासव, देवमासा, करवत मासा या 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित जाती आहेत, पाहिल्या तर लांब राहा. पावसाळ्यानंतर पाण्यात जेलीफिश बरेच असतात, पाण्यात पाय सोडून बसणाऱ्यांना ते कळतं.

किनाऱ्यावर आलात की पहिला फोन घरी, दुसरा सागरी पोलीस ठाण्यात, नाहीतर ते तुम्हाला शोधत बसतील. मग बूच काढून कयाकमधलं पाणी काढा. फार पाणी निघालं तर कुठेतरी चीर आहे, पुढच्या वेळेआधी ती शोधा. रीळ, पायडलचे सांधे, ट्रॉलीची चाकं गोड्या पाण्याने धुवा. आणि बूच लगेच परत बसवा.